वजनकाटा ओट्यावर: खाल्लेलं नेमकं मोजायचं कसं

जेवणाची नोंद ठेवायची ठरली की पहिला प्रश्न येतो, काटा कोणता घ्यायचा? त्याबद्दल पुढे लिहिलंच आहे, पण घरोघरी मोठ्या चुका होतात त्या दुसरीकडेच. काटा २ ग्रॅमनी चुकला तर पोह्यांच्या नोंदीत ७ कॅलरींचा फरक पडतो. फोडणीचं पळीभर तेल, म्हणजे १३-१४ ग्रॅम, लिहायचं राहिलं तर सव्वाशे कॅलरी नोंदीतून गळतात. आणि शिजलेला १५० ग्रॅम भात कच्च्या तांदळाच्या आकड्याने मांडला, तर १९५ च्या जागी ५२५ कॅलरी लिहिल्या जातात. पदार्थ कच्चा असताना तोलला की शिजल्यावर, आणि तेल-तूप तोललं की अंदाजाने धरलं, या दोन गोष्टी सांभाळल्या की साधा काटाही पुरेसं काम देतो.

काटा आणि त्याची परीक्षा

५ किलोपर्यंत चालणारा, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा सपाट डिजिटल काटा घ्या. ३ किलोचा काटा कुकर किंवा मोठं पातेलं ठेवल्यावर अपुरा पडतो. सोनारी पद्धतीचा ०.१ ग्रॅमचा छोटा काटा हौस म्हणून ठीक आहे, पण वरच्या पंख्याच्या वाऱ्यानेही त्याचा आकडा हलतो आणि रोजच्या स्वयंपाकात त्याची गरज पडत नाही.

काटा थेट ओट्याच्या दगडावर ठेवायचा. खाली फडकं, वर्तमानपत्र किंवा प्लास्टिकचा टेबलक्लॉथ नको. काट्याच्या चारही पायांखाली कडक, सपाट जागा नसेल तर आकडा कमी येतो किंवा दर वेळी वेगळा येतो. चालू इंडक्शन शेगडीच्या शेजारीही ठेवू नका, काही काट्यांचे आकडे त्याने भरकटतात. गरम पातेलं तोलायचं असेल तर आधी काट्यावर लाकडी पाटली ठेवून शून्य करा आणि मगच पातेलं ठेवा. आतल्या धातूच्या पट्टीला धग लागली की आकडा हळूहळू सरकतो.

नवा काटा आणला की तीन गोष्टी तपासा.

पहिली, मोठं वजन. किराणा दुकानात नापतौल विभागाचा (वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा) शिक्का असलेली लोखंडी किंवा पितळी वजनं असतात. ओळखीच्या दुकानदाराला विनंती करून ५०० ग्रॅमचं वजन आपल्या काट्यावर ठेवून बघा. मीठ-साखरेच्या पाकिटावर काटा पारखू नका. ५०० ग्रॅम ते १ किलोच्या पाकिटात नियमानेच १५ ग्रॅमपर्यंतची चूक चालते, शिवाय पिशवीचं वजन वेगळं. दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशवीवरूनही गोंधळ होतो. दूध पाण्याहून जड असतं, ५०० मिली दूध साधारण ५१५ ग्रॅम भरतं. काटा ५१७-५१८ दाखवतोय म्हणून तो बिघडलाय असं समजू नका.

दुसरी, लहान वजन. २०११ नंतरच्या मालिकेतलं ५ रुपयांचं पिवळं नाणं ६ ग्रॅमचं असतं. २०१९ पासूनच्या नव्या मालिकेतलं नाणं जास्त जड आहे, म्हणून नाण्यावरचं साल बघून घ्या. अशी १० नाणी ठेवली की ६० यायला हवेत. मग खरी कसोटी: काट्यावर किलोभराचा डबा ठेवा आणि त्यावर एकच नाणं टाका. आकडा ६ ने वाढला तर काटा कामाचा. जड भांड्यात चमचाभर तेल तोलायची वेळ रोजच येते, आणि तिथे हलक्या दर्जाचा काटा थिजून बसतो.

तिसरी, कोपरे. तेच अर्ध्या किलोचं वजन मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांवर ठेवून बघा. २-३ ग्रॅमपेक्षा जास्त फरक आला तर यापुढे भांडं नेहमी मधोमध ठेवायचं.

दहा नाण्यांची पुडी काट्याच्या खोक्यातच राहू द्या. महिन्यातून एकदा, आणि सेल बदलल्यावर न चुकता, ती काट्यावर ठेवून बघा. सेल उतरत आले की बरेच काटे बंद पडण्याआधी चुकीचे आकडे दाखवू लागतात.

काट्याची एक खोड माहीत असायला हवी. शून्याजवळचा बारीक फरक म्हणजे आपलंच सरकणं असं समजून बरेच काटे तो स्वतःच पुसून टाकतात. म्हणून शून्य केलेल्या वाटीत चिमटी चिमटीने साखर टाकत गेलात तर ४-५ ग्रॅम पडूनही आकडा शून्यावरच असतो. उपाय सोपा आहे. वाटी काट्यावरून उचलून तिच्यात साखर टाका आणि मग ठेवा, खरा आकडा दिसतो. दुसरी खोड म्हणजे दोन-तीन मिनिटांत आपोआप बंद होणं. मधेच फोन आला, काटा विझला, की शून्य केलेलं भांड्याचं वजन गेलं. यासाठी रिकाम्या भांड्यांची वजनं लिहून ठेवावीत.

त्याची उत्तम सोय आपल्याकडे आहेच. इंदुरात राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारात स्टीलचं पातेलं घेतलं की त्यावर नाव घालून देतात. त्याच सुईने नावाखाली रिकाम्या भांड्याचं वजनही घालून घ्या: ६४०, ८१५, जे काही असेल ते. घरातल्या जुन्या भांड्यांसाठी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला यादी चिकटवा. झाकणाचं वजन वेगळं लिहा. झाकणासकट तोललं की झाकणाशिवाय, हा घोळ सगळ्यात जास्त वेळा होतो.

तेल आणि तूप: काढलेलं मोजायचं, घातलेलं नव्हे

तेल-तुपाच्या दर ग्रॅमला ९ कॅलरी. पालकाची जुडी १० ग्रॅम इकडेतिकडे झाली तर काही बिघडत नाही, तूप १० ग्रॅमनी चुकलं तर ९० कॅलरी चुकतात. तरीही बहुतेक घरांत पालक तोलला जातो आणि तूप चमच्याने धरलं जातं. हे उलटं व्हायला हवं.

चमच्यावर भरवसा ठेवू नका. मोजमापाचा ५ मिलीचा चमचा तेलाने काठोकाठ भरला तर साडेचार ग्रॅम होतात, पण घरातला पोहे खायचा चमचा त्याहून मोठा असतो. तुपाची गोष्ट तर ऋतूवर जाते. मे महिन्यात इंदुरात तूप पातळ असतं, चमचा सपाट भरतो. डिसेंबर-जानेवारीत तेच तूप थिजतं आणि त्याच चमच्यावर शीग उभी राहते. चमचा तोच, तूप दुप्पट.

त्यापेक्षा असं करा. तुपाचा डबा आणि त्यातला चमचा, दोन्ही काट्यावर ठेवून शून्य करा. डबा उचला, भातावर तूप वाढा, चमचा पुन्हा डब्यात टाकून डबा काट्यावर ठेवा. उणे ८ दिसलं म्हणजे भातावर ८ ग्रॅम तूप गेलं. चमच्याला चिकटलेलं तूप परत काट्यावरच आल्यामुळे ते हिशेबात धरलं जात नाही. तेलाची बुधली, दाण्याच्या कुटाचा डबा, साखरेचा डबा, मधाची बाटली, सगळ्यांना हीच पद्धत लागू. भांडी धुवायचं काम वाढत नाही आणि वर सांगितलेली शून्याजवळची अडचणही येत नाही, कारण आकडा एका झटक्यात बदलतो.

दाल-बाफल्याचा हिशेब याच तत्त्वावर चोख होतो. बाफला, म्हणजे उकडून भाजलेला कणकेचा गोळा, तुपात बुडवण्याआधी तोला, बुडवून निथळल्यावर पुन्हा तोला. समजा ७० चा ८४ झाला, तर १४ ग्रॅम तूप आत गेलं, म्हणजे सव्वाशे कॅलरी. पानात चुरल्यावर वरून घेतलेलं तूप वेगळं धरायचं.

तळणीला मात्र ही युक्ती चालत नाही. पुरी तेलात पडते तेव्हा तिच्यातलं पाणी वाफ होऊन निघून जातं आणि त्याच वेळी तेल आत शिरतं. पुरीच्या आधीच्या आणि नंतरच्या वजनातून दोन्ही वेगळं काढता येत नाही. उकळत्या तेलात पाण्याचं बाहेर जाणं आणि तेलाचं आत शिरणं एकदमच होतं. कोमट तुपात बुडवलेल्या बाफल्यातून पाणी उडत नाही, म्हणून तिथे वजाबाकी खरी ठरते. तळणीसाठी कढई तेलासकट आधी तोला, तळण झाल्यावर पूर्ण थंड झाली की पुन्हा तोला, आणि जो फरक येईल त्याला पुऱ्यांच्या संख्येने भागा. उकळतं तेल भरलेली कढई काट्यावर ठेवायची नाही, भाजण्याचा धोका आहे. उडालेलं आणि झाऱ्याला लागलेलं तेलही या फरकात येतं, म्हणून आकडा किंचित जास्तच निघतो. तेवढी तडजोड चालते.

कच्चं की शिजलेलं

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत ५२८ पदार्थ आहेत आणि धान्य-डाळींचे आकडे कच्च्या, कोरड्या मालाचे आहेत. ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे. तिला ४.१८४ ने भागलं की आपल्या रोजच्या बोलण्यातली कॅलरी मिळते. मोबाईलच्या अॅपमधून आकडा घेत असाल तर तिथे ‘कच्चा’ की ‘शिजलेला’ हे लिहिलेलं असायलाच हवं. नसेल तर ती नोंद वापरू नका. साधी पारख अशी: १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास आकडा असेल तर तांदूळ कच्चा, एकशेतीसच्या आसपास असेल तर भात.

आमचं मत स्पष्ट आहे: जे जे कोरडं तोलता येईल ते कोरडंच तोला. १०० ग्रॅम तांदळाचा भात २५० ग्रॅमही होतो आणि ३०० ग्रॅमही. तांदूळ जुना की नवा, मोकळा केला की मऊ, यावर ते ठरतं. वरणाचं तर विचारूच नका, एकाच डाळीचं कोणी गोळा वरण करतं आणि कोणी पातळ आमटी. साबुदाणा भिजवण्याआधी तोलायचा, भिजून तो दीडपटीच्या पुढे जातो. मटकी-मूग मोड येण्याआधी, पोहे धुण्याआधी. वाढलेलं वजन पाण्याचं असतं आणि पाण्यात कॅलरी नसतात.

अख्ख्या पातेल्याचा हिशेब

चौघांसाठी केलेल्या पदार्थातला आपला वाटा किती, हा खरा रोजचा प्रश्न. इंदुरी पोह्यांवरच बघू.

कोरडे पोहे ३०० ग्रॅम. १०० ग्रॅमला ३५० धरले तर १०५०. तेल ३० ग्रॅम, २७०. शेंगदाणे ४० ग्रॅम, २०८. साखर १५ ग्रॅम, ६०. बेरीज १५८८. हिरवी मिरची, बडीशेप, हळद, कोथिंबीर सोडून द्या. कांद्यासाठी वाटलंच तर २०-३० वाढवा, नाही वाढवलं तरी चालेल.

पोहे झाले की पातेलं काट्यावर ठेवा आणि रिकाम्या पातेल्याचं वजन वजा करा. समजा पोहे ७६० ग्रॅम भरले. आता आपली ताटली शून्य करून वाढून घ्या, समजा १८० ग्रॅम आले. १८० ला ७६० ने भागा आणि १५८८ ने गुणा: सुमारे ३७५.

इथे एक गोष्ट सांभाळावी लागते. आपल्याकडे पोहे वाफेवर ठेवतात, खाली पाणी उकळत असतं. वाफेवर ते ओल धरतात, झाकण काढून ठेवले की सुकतात. सकाळी ८ वाजता पातेलं तोललं आणि १० वाजता ताटली, तर दोन्ही आकडे एकाच पदार्थाचे राहत नाहीत. पातेलं आणि ताटली पाठोपाठ तोला.

आणि शेव! वरून मुठीने पडलेली २० ग्रॅम शेव म्हणजे साधारण ११० कॅलरी, पोह्यांच्या जवळजवळ तिसरा हिस्सा. ताटलीत पोहे वाढले की तिथेच पुन्हा शून्य करा, मग शेव टाका आणि आकडा लिहा. जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) आणि लिंबू तोलायची गरज नाही, ते मनसोक्त घ्या.

वरण, खिचडी, भाजी, सगळ्यांना हीच रीत. फक्त पदार्थ सारखा मिसळलेला हवा. रस्सा भाजीत तेलाचा तवंग वर येतो. न ढवळता वरचा रस्सा घेणाऱ्याच्या वाटीत तेल जास्त जातं आणि खालच्या फोडी घेणाऱ्याच्या वाट्याला कमी. दोघांचं वजन सारखं, कॅलरी वेगळ्या. बुडापासून ढवळून मग वाढा. दुपारचं वरण रात्री पाणी घालून गरम केलं तर पातेलं पुन्हा तोलावं लागतं: उरलेल्या कॅलरी त्याच, वजन मात्र नवं.

पोळ्या

भाजलेली पोळी तोलून फार काही कळत नाही. ती तव्यावर किती वेळ राहिली त्यावर तिच्यातलं पाणी ठरतं. म्हणून गोळे तोला.

३०० ग्रॅम कोरडी कणीक, ६ ग्रॅम तेल, लागेल तेवढं पाणी. मळून झाल्यावर संपूर्ण गोळा तोला. समजा ४८० भरला, तर ४० ग्रॅमचे १२ गोळे होतात आणि प्रत्येकात २५ ग्रॅम कणीक आणि अर्धा ग्रॅम तेल. कणकेला १०० ग्रॅमला ३३० धरले तर पोळी ८७ कॅलरींची झाली, वरचं तूप वेगळं. दुसऱ्याच्या घरचा ‘४० ग्रॅमच्या गोळ्याची पोळी’ हा आकडा उचलू नका. माळव्याचा लोकवन गहू चक्कीवर दळून आणला तर पाणी वेगळं लागतं, पाकिटातल्या पिठाला वेगळं. आपल्या पिठाचं प्रमाण एकदा काढून ठेवा आणि गहू बदलला की पुन्हा काढा. पिठीचा डबा पोळ्या लाटण्याआधी आणि नंतर तोलला की पिठीचाही हिशेब लागतो. बारा पोळ्यांना ३० ग्रॅम पिठी गेली तर एका पोळीला ८ कॅलरी, त्याही झटकलेली पिठी न वगळता. एकदा बघून सोडून दिलं तरी चालेल.

फळं आणि सालं

तक्त्यातला आकडा खाण्याजोग्या भागाचा असतो. केळं सालासकट तोलून लिहिलं तर साधारण दीडपट धरलं जातं. फळ अख्खं तोला, खा, मग साल, बिया, कोय तोलून वजा करा. मटारच्या शेंगा, सीताफळ, मक्याचं कणीस यांत हा फरक इतका मोठा असतो की अंदाज करूच नये. ताटात उरलेलंही तोलायचं. वाढलेलं सगळं पोटात गेलं असं धरून चालत नाही.

बाहेरचं खाणं

सराफ्यात किंवा छप्पन दुकानवर, म्हणजे इंदुरातल्या खाऊगल्ल्यांत, काटा घेऊन उभं राहावं असं आम्ही म्हणणार नाही. त्याऐवजी नेहमीच्या दुकानातून तोच पदार्थ एकदा पुड्यात बांधून घरी आणा आणि भाग वेगळे करून तोला: पोहे किती, शेव किती, जिलबीची एक वेटोळी किती. कागद आणि डबीचं वजन वजा करा. त्या दुकानाच्या प्लेटचा तोच आकडा पुढे वापरा. तेल किती घातलंय हे वजनावरून कळत नाही, म्हणून घरच्या पोह्यांपेक्षा दीडपट तेल धरा आणि नोंदीपुढे ‘अं’ लिहा, म्हणजे अंदाज. आज दीडपट, उद्या सव्वापट असं करू नका. नेहमी एकच अंदाज धरला तर आठवड्यांची एकमेकांशी तुलना तरी टिकते. भुट्ट्याचा कीस, कचोरी, गराडू यांचंही तसंच. गराडू तळलेला असतो, तेव्हा उकडलेल्या कंदाचा आकडा त्याला लावू नका.

शेव पाव किलोने आणता तेव्हा घरी आल्यावर तिच्या २०-२० ग्रॅमच्या पुड्या करून ठेवल्या तर रोज तोलावं लागत नाही. बारा पुड्या होतात आणि १० ग्रॅम उरते.

मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्यांना हे सगळं जास्त काटेकोरपणे करावं लागतं, कारण त्यांचा डोस जेवणातल्या कर्बोदकांवरून ठरत असेल तर भात कच्चा धरला की शिजलेला, याची चूक थेट औषधात उतरते. त्यांनी आपल्या घरच्या भाताचं आणि पोळीचं प्रमाण एकदा वर सांगितल्याप्रमाणे काढून, ते कागदावर लिहून डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना दाखवावं. कागदावर तांदळाचं कोरडं वजन, शिजलेल्या भाताचं वजन आणि आपल्या वाटीत मावणाऱ्या भाताचं वजन, हे तिन्ही आकडे असू द्या.